खुंटीवरची मिरची: मुलांच्या इतिहासाच्या पाककृती-पुस्तकातले एक जोडपान कसे घडते

गेल्या श्रावणात डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी दोन पाने घेऊन गेले होते. गोव्याचा इतिहास सांगणारे, मुलांना स्वयंपाक करता येईल असे एक पुस्तक आम्ही करतो आहोत. त्यातली ही पहिली रंगवून झालेली पाने. डावीकडे तांबडी सुर्लाचे महादेव मंदिर उभे राहत होते त्या काळातले, म्हणजे बाराव्या शतकातले, स्वयंपाकघर, उजवीकडे हळदीच्या पानात वाफवायच्या पातोळ्यांची कृती. चौथीतल्या एका मुलीने चित्रावर बोट ठेवले. चुलीच्या वर, खुंटीला, मी लाल सुक्या मिरच्यांची माळ टांगली होती. ती म्हणाली, "मावशे, तेन्ना पुर्तुगेज येवंक नाशिल्ले. मागीर मिरसांग खंयसून आयली?"

मिरची पोर्तुगीजांबरोबर आली हे बाईंनी त्यांना आदल्याच आठवड्यात शिकवले होते. मलाही ते माहीत होते. पण चूल काढायला घेतली की वर मिरच्या टांगायच्या, हे माझ्या हाताला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि हाताने त्या रंगवून टाकल्या.

घरचे, शेजारचे विचारतात, की कृती चार ओळींची, बाजूला एक चित्र, मग दोन पानांना चार-चार महिने कशाला लागतात? त्याचे उत्तर त्या खुंटीपाशी आहे.

जोडपान म्हणजे काय?

पुस्तक उघडले की समोरासमोर जी दोन पाने दिसतात त्यांना छपाईवाले स्प्रेड म्हणतात. मी जोडपान म्हणेन. मूल ती दोन पाने वेगवेगळी पाहत नाही, एकच मोठे चित्र म्हणून पाहते. त्यामुळे आखणीही दोघांची मिळून करावी लागते.

केळीच्या पानावर वाढणे आठवा. मीठ कुठे, लोणचे कुठे, भाजी कुठे, भात कुठे, हे ठरलेले असते. जेवणाऱ्याला शोधावे लागत नाही, हात आपोआप तिथे जातो. जोडपानही तसेच वाढायचे असते. साहित्य एका ठरावीक जागी, कृती एका बाजूने पुढे सरकणारी, आणि भाताच्या जागी, म्हणजे मध्यभागी, सगळ्यात मोठे चित्र.

दोन तांत्रिक अडचणी मात्र सांगायलाच हव्यात. पहिली घडीची. पाने शिवून किंवा चिकटवून पुस्तक बांधले की मध्ये घडी पडते, आणि दोन्ही बाजूंचा साधारण सेंटिमीटरभर भाग तिच्यात गडप होतो. तिथे चेहरा आला तर नाक जाते, आकडा आला तर "२ वाट्या"ची "वाट्या" एवढेच उरते. दुसरी कडेची. छापल्यावर कागद कापतात, आणि कापणारे यंत्र केसभर इकडेतिकडे होतेच. म्हणून चित्र कागदाच्या कडेच्या पलीकडे ३ मिलिमीटर वाढवून काढायचे. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करताना पारी जरा मोठी लाटतो आणि मग कातणाने कड कापून टाकतो, तसेच हे. कापल्या जाणाऱ्या कडेत आपण सारण भरत नाही, चित्रकारही तिथे कामाचे काही ठेवत नाही.

घडीशी मी बरेच दिवस भांडत होते. एके दिवशी आईच्या हातात हळदीचे पान पाहिले. मध्ये जाड शीर, दोन्हीकडे सारखे पाते. त्यावर पीठ पसरायचे, अर्ध्या भागावर चून, म्हणजे गूळ-खोबऱ्याचे सारण, आणि त्या शिरेवरच पान मिटायचे. मला माझे जोडपान मिळाले. आता दोन्ही पानांच्या मध्ये उभे, वरपासून खालपर्यंत, एक हळदीचे पान आहे. त्याची शीर बरोबर घडीवर येते. मुलाने पुस्तक मिटले की पातोळी मिटते. त्या पानाच्या डावीकडे जुने स्वयंपाकघर, उजवीकडे आजचा ओटा. मधले पान दोन्ही काळांत तेच.

आधी काळ ठरवा, मग रंग कालवा

पाककृतीच्या साध्या पुस्तकात चित्र पदार्थ कसा दिसतो एवढे सांगते. इतिहासाच्या पुस्तकात चित्रातली प्रत्येक वस्तू एक विधान करते. मजकुरात "बाराव्या शतकात गोव्यात मिरची होती" असे मी कधीच लिहिले नसते. पण चित्रात तेच लिहून बसले होते, तेही लाल रंगात. आणि मूल मजकुराच्या आधी चित्र वाचते.

म्हणून आता ब्रश उचलण्याआधी पानाच्या कोपऱ्यात काळ लिहिला जातो. आमच्या डाव्या पानाचा काळ बारावे शतक. गोव्यावर कदंबांचे राज्य, पोर्तुगीज यायला तीनशेहून अधिक वर्षे बाकी. कोलंबस अमेरिकेला पोहोचला १४९२ मध्ये, वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये, आणि आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा घेतला १५१० मध्ये. मिरची, बटाटा, टोमॅटो, काजू, अननस, पपई, पेरू, मका, रताळे, लाल भोपळा, भुईमूग ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. त्यांतले बरेचसे सोळाव्या शतकापासून पुढे समुद्रमार्गे आपल्याकडे पोहोचले. लिस्बनहून गोव्याला येणारी गलबते आफ्रिकेला वळसा घालत सहा-सहा महिने प्रवास करत.

याचा अर्थ माझ्या चित्रातून माळ तर गेलीच, पण अंगणातले काजूचे झाडही गेले. परड्यातला पपईचा दांडा गेला. कोपऱ्यातला भोपळा गेला. तो रंगवायला मला दोन दिवस लागले होते, आणि तो फार चांगला उतरला होता.

मग उरले काय? हे सांगताना मला खरा आनंद होतो, कारण उरले ते पुष्कळ. तांदूळ. नारळ. ऊस आणि माड, म्हणजे दोन्ही प्रकारचा गूळ. हळद, आले, मिरी, वेलची. आमसोल, ज्याचे झाड पश्चिम घाटातले. तिरफळ, तेही इथलेच. फणस, केळी, सुरण, वांगी, शेवग्याच्या शेंगा, तूर, मूग. पातोळीकडे या नजरेने पाहा. तांदळाचे पीठ, खोबरे, गूळ, वेलची, चिमूटभर मीठ आणि हळदीचे पान. यातल्या एकाही वस्तूला समुद्र ओलांडून यायची गरज पडलेली नाही. म्हणूनच पहिल्या जोडपानासाठी मी ती निवडली.

शब्दही साक्ष देतात, आणि मुलांना हे फार आवडते. तिखटपणासाठी आपल्याकडे आधी मिरी होती. नवी तिखट वस्तू आली तेव्हा तिला तिच्यावरूनच मिरची हे नाव पडले. कोकणीत तर मिरसांग, म्हणजे मिऱ्यासारखी तिखट शेंग. उलट बटाटा, काजू, अननस, पाव हे शब्द पोर्तुगीजांकडून जसे आले तसे आपण जवळजवळ तसेच ठेवले. पाहुणा कोण आणि घरचा कोण हे पुष्कळदा नावातूनच कळते.

मग आपले असे काय राहिले?

हा प्रश्न मला मोठ्यांनीच विचारला, आणि थोड्या दुखावल्या आवाजात. उपासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. आजचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, शिवाय बटाटा, शेंगदाणे, हिरवी मिरची, सगळे अमेरिकेतले. चतुर्थीच्या खतखत्यात, म्हणजे अनेक भाज्या एकत्र शिजवून केलेल्या पदार्थात, मक्याचे कणीस असते, बटाटा असतो. मग हे आपले नाही?

आहे. एखादी वस्तू कुठे जन्मली हा एक प्रश्न आणि ती कुणाची झाली हा दुसरा. घरात सून येते, वीस वर्षांनी त्या घराची आमटी तिच्या हाताची असते. काणकोणातल्या खोलाच्या मिरचीला आणि पेडण्यातल्या हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. भौगोलिक मानांकन म्हणजे या गावच्या मातीने, पाण्याने आणि शेतकऱ्यांच्या हाताने या वस्तूला वेगळे गुण दिले याची सरकारी नोंद. ती मिरची ब्राझीलची की खोलाची, या भांडणात दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. बियाणे तिकडचे, मिरची खोलाची.

आणखी एक गोष्ट मी डिचोलीच्या मुलांना मुद्दाम सांगितली. डिचोली, सत्तरी, पेडणे हा भाग पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर मिरची दख्खनभर रुजलेली होती. म्हणजे डिचोलीच्या चुलीपर्यंत मिरची पोर्तुगीज अंमलाच्या खूप आधी पोहोचली. ती हुकुमाने आली नाही. कुणी व्यापाऱ्याने पिशवीत आणली, कुणी शेतकऱ्याने परड्यात लावून पाहिली, कुणा बाईने मिऱ्यापेक्षा ही बरी म्हणून आमटीत टाकली. "पोर्तुगीजांनी आणली" हे अर्धेच वाक्य आहे. पोर्तुगीजांनी बंदरापर्यंत आणली. तिथून ताटापर्यंत ती आपल्याच माणसांनी नेली.

खतखते म्हणूनच दुसऱ्या जोडपानावर येणार आहे. त्यात जुन्या भाज्यांना तपकिरी रेषा, नंतर आलेल्यांना लाल रेषा. मुलाने एकाच मडक्यात दोन्ही रेषा पाहाव्यात एवढेच तिथे करायचे आहे.

पाहिले कुणी?

बाराव्या शतकातले गोव्याचे स्वयंपाकघर कुणी रंगवून ठेवलेले नाही. कदंबांच्या काळातले वीरगळ आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचे दगड. त्यांवर होड्या दिसतात, शस्त्रे दिसतात. चूल दिसत नाही. दगड कोरून घेणाऱ्यांना चुलीचे काही वाटले नसावे, आणि मला त्याचे फार वाईट वाटते.

मग आधार कशाचा? एक आधार शेजारच्या दरबारातला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास लिहिलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या जेवणावर एक मोठे प्रकरण आहे. त्यात आजच्या मांड्यांचे पूर्वज आहेत, वडे आहेत, इडलीच्या जातीचा एक पदार्थ आहे. मिरी आहे, हिंग आहे. मिरची नाही. गोव्याचे कदंब बराच काळ याच चालुक्यांचे मांडलिक होते, त्यामुळे हा पुरावा परका नाही. तरीही तो राजाच्या पंगतीचा आहे आणि माझ्या चित्रातली बाई शेतकऱ्याच्या घरची आहे, हे विसरून चालत नाही.

दुसरा आधार वस्तूंचा. बाणावलीच्या गोवा चित्र संग्रहालयात जुनी शेतीची आणि घरातली अवजारे जपून ठेवली आहेत. तिथे तासन्‌तास बसून मी आदोळी काढली, ज्यावर बसून नारळ खवतात ती. रगडा काढला, मातीची भांडी काढली, करवंटीचा दवला, म्हणजे पळी, काढला. या वस्तू आठशे वर्षांपूर्वीच्या नव्हेत. पण मातीचे मडके आणि करवंटीचा दवला यांच्या घडणीत बदलण्यासारखे थोडेच असते.

जिथे पुरावा आहे तिथे ठीक. जिथे अंदाज आहे तिथे काय करायचे? पातोळ्या तेव्हा कशात वाफवत असतील? मडक्यात पाणी, तोंडावर फडके बांधून त्यावर पाने, हा माझा अंदाज. त्या काळी पातोळ्या होत्याच, असा पुरावाही माझ्या हाती नाही. साहित्य मात्र सगळे इथे होते, आणि पानावर तेवढेच लिहिले आहे. यावर आम्ही एक नियम केला. ज्याचा आधार आहे ते शाईच्या पक्क्या रेषेत. जो अंदाज आहे तो पेन्सिलीच्या रेषेत, रंग न भरता. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर हा नियम मुलांना सांगितला आहे. ते फडके बांधलेले मडके पेन्सिलीतच राहील. इतिहास म्हणजे अमुक सालची पक्की गोष्ट, एवढेच मुलांच्या मनावर ठसते. माहीत असणे आणि वाटणे यांतला फरक नऊ वर्षांच्या मुलाला रेषेतून दिसला, तर या पुस्तकाने आपले काम केले असे मी समजेन.

फोटो का नाही?

फोटो स्वस्त पडतो, लवकर होतो, पदार्थ खरा दिसतो. उजव्या पानावर मी फोटोंचा विचार केलाही होता. पण मोदकपात्र आतून कापून वाफ कशी वर चढते हे फोटोत दाखवता येत नाही. फोटो ओट्यावरचे सगळेच दाखवतो, डबे, वायर, मागचा कॅलेंडरवाला खिळा, आणि मुलाचे लक्ष नेमके तिकडे जाते. चित्रात नको ते गाळता येते. बाराव्या शतकाचा फोटो काढणे तर कुणालाच जमणार नाही. संगणकाला सांगून तयार चित्र काढून घेण्याचा सल्लाही मिळाला. त्याने माझ्या हातासारखीच सवयीने मिरचीची माळ टांगली, तर ती माळ कुणाला पुसायला सांगायची?

मूल हे खरेच करू शकेल?

उजवे पान करण्यासाठी आहे. तिथे इतिहास कितीही खरा असला आणि पातोळी फुटली, तर मूल पुस्तक पुन्हा उघडणार नाही.

एका चित्रात एकच क्रिया ठेवली आहे. "पीठ भिजवून पानावर पसरा आणि सारण भरून मिटा" हे मोठ्यांचे वाक्य, त्यात चार कामे आहेत. मुलासाठी ती चार चित्रे होतात. भिजव. पसर. भर. मिट. माप वाटीचे, कारण घरोघर वजनकाटा नसतो. पण वाट्याही घरोघर वेगळ्या, म्हणून सगळ्यासाठी एकच वाटी वापरायची आणि ती साहित्याच्या जागी मोठी काढायची. एक वाटी तांदळाचे पीठ, एक वाटी खवलेला नारळ, अर्धी वाटी किसलेला गूळ. पीठ पानाला धरून राहील इतके दाट. हे "इतके दाट" शब्दांत सांगणे मला जमले नाही. शेवटी बोटाने पिठात ओढलेली रेघ काढली, ती मिटत नाही असे पीठ हवे. मुलांना ते लगेच कळले.

आदोळीचे पाते, विस्तव आणि वाफ या तीन ठिकाणी मोठ्या माणसाचा हात काढला आहे. "मोठ्यांची मदत घ्या" ही ओळ कुणी वाचत नाही. चित्रात दोन हात दिसले, एक लहान आणि एक मोठा, की मूल आपणहून आईला किंवा आजोबांना हाक मारते.

इतिहासाचा मजकूर कुठे ठेवायचा यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. वर ठेवला तर मूल तो टाळून थेट कृतीकडे जाते. खाली ठेवला तर तोवर पातोळ्या खाऊन झालेल्या असतात. मग लक्षात आले की पातोळ्या वाफवायला बारा-पंधरा मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ मुलाला काहीच काम नसते. ते मोदकपात्रासमोर उभे राहून "झाल्या का" विचारत असते. म्हणून वाफवण्याच्या चित्रातून एक बारीक वाफेची रेघ निघते, हळदीच्या पानावरून डावीकडे जाते आणि जुन्या स्वयंपाकघरात पोहोचते. तिथे मजकूर आहे, त्या पंधरा मिनिटांत वाचून होईल एवढाच. शाळेत मी तो घड्याळ लावून वाचून घेतला.

हे घर कुणाचे?

उजवीकडचा ओटा काढताना आणखी एक प्रश्न आला. गोव्यात हिंदू घरांत नागपंचमीला पातोळ्या होतात. ख्रिस्ती घरांत २४ जूनला सांज्यावच्या, म्हणजे सेंट जॉनच्या, सणाला आणि १५ ऑगस्टच्या मारियेच्या सणाला होतात. पान तेच, चून तेच. ओट्यामागे देव्हारा काढला तर एका घरची, खुरीस काढला तर दुसऱ्या घरची. आम्ही भिंत मोकळी ठेवली, आणि खाली तारखांची तीन लहान पाने काढली, तिन्ही सणांची. ज्या मुलाच्या घरी जो सण, ते आपल्या पानाला रंग देईल.

रंग आणि भाषा

संगणकाच्या पडद्यावरचा हिरवा प्रकाशाचा असतो. कागदावरचा शाईचा. छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया एकावर एक उमटतात आणि त्यांतून सगळे रंग होतात. पडद्यावर झळकणारे हळदीचे पान कागदावर मळकट झाले, म्हणून आता मी दर टप्प्याला कागदावर छापून पाहते.

मजकूर मात्र सगळा फक्त काळ्या शाईत ठेवला आहे. चार शायांसाठी चार साचे असतात. शब्द फक्त काळ्या साच्यावर असतील तर तो एक साचा बदलून तेच पुस्तक कोकणीतही छापता येते, बाकी तीन तसेच राहतात. यासाठी चित्राच्या आत एकही अक्षर रंगवायचे नाही, हा नियम. शिवाय देवनागरीला हवेशीर ओळी लागतात. वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, रफार, खाली उकार आणि जोडाक्षरे. ओळी दाटल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो आणि नुकते वाचायला शिकलेले मूल तिथेच थांबते. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यातच आला, पण सतराव्या शतकात इथे मराठी ओव्या छापायची वेळ आली तेव्हा देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरे, नव्हते, त्या रोमी लिपीत छापाव्या लागल्या. आज खिळे आहेत, तर त्यांना जागाही द्यावी असे मला वाटते.

सुधारलेली पाने घेऊन चतुर्थीनंतर मी पुन्हा त्याच वर्गात गेले. मिरच्यांची माळ पुसली आहे. खुंटी मात्र तशीच ठेवली, रिकामी, पेन्सिलीच्या रेषेत, आणि खाली एक प्रश्न: "या खुंटीला काय टांगले असेल?" त्या मुलीने आमसोलाच्या सुक्या सोलांची पिशवी काढली. शेजारच्या मुलाने तिरफळांचा झुबका काढला. मागच्या बाकावरच्या एकाने सुके बांगडे टांगले आणि चुलीपाशी, वर पाहत बसलेली, एक मांजरही काढली.